जळका वास

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला जळक्या वासाचे मोठेसे नवल नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६६ साली टेल्को आली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि कारखान्यांची रांग पुढे चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोचली. तापलेले लोखंड, रबर, रंग, काही ना काही वाऱ्यावर असतेच. त्यामुळे मोटारीत जळका वास आला की आपण काच वर करतो आणि म्हणतो, “कुठल्या तरी कंपनीतून येत असेल!” वाचकहो, ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांनी एवढे एक वाक्य सोडून द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे वीस वर्षांची मोटार आहे. ती बाबांची. वय चौऱ्याहत्तर, पण दर शनिवारी राजगुरुनगरला आत्याकडे जायचे आणि दिवेलागणीनंतर परतायचे, हा त्यांचा नेम. सोबतीला आमची नऊ वर्षांची कन्या. गेल्या दसऱ्यानंतर तिनेच प्रथम सांगितले, “आजोबांच्या गाडीत काहीतरी जळल्यासारखा वास येतो.”

“चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास क्लचवर पाय ठेवून बसलं की दुसरं काय होणार?” बाबांनी विषय उडवून लावला. सौ.ने मात्र मुलीला गाडीतून पाठवायचे नाही असे जाहीर केले. बाबा दुखावले. भाऊबीज तोंडावर आलेली आणि घरात अबोला!

वासावरून रोग ओळखण्याची विद्या कारखान्यातल्या फिटर मंडळींकडे असते. मी चाकणला नोकरीस असल्याने ती थोडीफार कानावर आलेली. जळक्या कागदासारखा वास आला तर क्लच. एका चाकापाशीच उग्र वास आणि धग असेल तर ब्रेक अडकलेला. रबराचा वास म्हणजे पट्टा घसरतो आहे. तेलकट धूर म्हणजे इंजिनाचे तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर ठिबकते आहे. गोडसर वास आला तर रेडिएटरमधले कूलंट गळते आहे. कधी रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवीच त्या नळीला चिकटून वितळते. आणि नाकात झोंबणारा, वितळत्या प्लॅस्टिकचा वास आला, तर वायरिंगकडे पाहावे. सर्वांत भय याचेच. कारण ही आग डॅशबोर्डाच्या आत, माणसांच्या गुडघ्यांपाशी लागते.

आठवडाभर ती गाडी मीच कामावर नेली आणि वहीत टिपणे ठेवली. सहा दिवस सकाळी गेलो. चौकातली कोंडी होतीच, पण वास नाही. पाच दिवस अंधार पडल्यावर परतलो; पाचही दिवस वास! शनिवारी मात्र तीन वाजताच निघालो, तेव्हा काही नाही. म्हणजे क्लच निर्दोष सुटला. कोंडी तर सकाळीही होती. तेल किंवा पिशवी असती तर त्यांना दिवस-रात्र सारखीच. रात्री गाडीत असे काय चालू असते, जे दिवसा नसते? दिवे!

त्याच रात्री सोसायटीच्या आवारात, जागच्या जागी इंजिन चालू ठेवून पुढचे दिवे लावले. दहा मिनिटांत वास आला. दिवे मालवले, वास विरला.

दुसऱ्या दिवशी भोसरीच्या एका वायरमनकडे गाडी नेली. बाबाही आले. त्याने स्टिअरिंगखालचे झाकण काढले. दिव्यांच्या बटणामागचा पांढरा प्लॅस्टिकचा जोड तपकिरी होऊन ओघळला होता. मग त्याने पुढचे बल्ब काढून पाहिले आणि विचारले, “काका, हे जादा वॅटचे बल्ब कोणी बसवले?”

बाबा गप्प. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, “मीच. दोन वर्षं झाली. रात्री समोरचं नीट दिसेना.”

हिशेब सोपा आहे. मूळचे ५५ वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साधारण ९ अँपिअर वीज ओढतात. ९० वॅटचे दोन १५ अँपिअर. जोडात निर्माण होणारी उष्णता मात्र विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अडीचपटीहून अधिक! तापून तापून जोड सैल होतो, आणि सैल झाला की आणखी तापतो. मग फ्यूज का उडाला नाही? कारण फ्यूज फक्त किती वीज वाहते ते मोजतो. सैल जोड जागीच तापला, तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणूनच नाकावर विश्वास ठेवायचा.

वायरमनने नवा जोड बसवला, मूळ वॅटचे बल्ब लावले आणि दिव्यांसाठी रिले घातला. रिले असला की दिव्यांची वीज जाड तारेने थेट बॅटरीकडून येते. बटणावर भार पडत नाही.

परंतु गाडीचे दुखणे बरे झाले, तरी त्यामागचे दुखणे बाबांच्या डोळ्यांत होते. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. भाऊबीजेला आम्ही सर्वजण मिळून गेलो, गाडी मी चालवली. वाटेत बाबा म्हणाले, “डोळ्यांचं सांगितलं असतं, तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती.” सौ. मागून म्हणाली, “किल्ली नसती घेतली, बाबा. डॉक्टरकडे नेलं असतं.” अबोला तिथे संपला.

वाचकांना एवढेच सांगणे: वास आला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना उतरवा. धूर दिसत असेल तर बॉनेट उघडू नका. दूर उभे राहून अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. धूर नसेल, तर वास केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, ते आधी लिहून काढा. मिस्त्रीला त्याचा फार उपयोग होतो.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया यथास्थित पार पडल्या. आता ५५ वॅटचा उजेड त्यांना पुरतो. शनिवारचा नेम चालू आहे, नातही बरोबर जाते. फक्त दिवेलागणीच्या आत घरी यायचे, असे सौ.ने ठरवून दिले आहे आणि ते बाबांनी निमूटपणे मान्य केले आहे.