भीतीला आकार दिला तर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांचे हे अवाढव्य पुतळे नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात. रोगराई, ईडापीडा घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगायचे आणि शेवटी तिला जाळायचे, ही एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा. पुतळा जाळल्याने रोगजंतू मरत नाहीत, हे तुम्ही जाणताच. पण मनातल्या भीतीला हाताने आकार द्यावा आणि तिच्याकडे नीट पाहावे, ही कल्पना विज्ञानाने तपासण्याजोगी आहे.

अपघात, पूर, आग अशा प्रसंगांचा मनावर आघात होतो. गेल्या वर्षीची सहल आठवताना ती संपली आहे हे आपल्याला ठाऊक असते. आघाताची आठवण मात्र तुकड्यातुकड्यांनी येते. ब्रेकचा कर्कश आवाज, रबर जळल्याचा वास! लगेच छाती धडधडू लागते, जणू प्रसंग आत्ताच घडतो आहे. असे का होते?

मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस प्रसंगाला स्थळ आणि काळ जोडतो. घंटा फार जोरात वाजली की हे जोडकाम नीट होत नाही, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. अशा वेळी शब्दही सापडत नाहीत. चित्र काढायला किंवा माती घडवायला मात्र शब्द लागत नाहीत. आठवणीचे तुकडे कागदावर येतात, त्यांचा क्रम लावता येतो आणि नको वाटले तर कागद मिटून ठेवता येतो.

एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयरोगातून बरा होत असताना चित्रे काढू लागला. 'कलोपचार' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यानेच १९४२ साली रूढ केला. पुढे प्रयोगही झाले. १९८६ साली जेम्स पेनेबेकर यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना रोज १५ मिनिटे, असे ४ दिवस लिहायला लावले. ज्यांनी आपल्या दुःखद प्रसंगाविषयी लिहिले, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिकच वाईट वाटले; पण प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील सहा महिन्यांत कमी झाल्या. २०१६ साली गिरिजा कैमल यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चित्रे, मातीकाम करू दिले. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटले. चित्रकला येणारे आणि न येणारे यांत फारसा फरक दिसला नाही!

मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. या दुसऱ्या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. लेखनाचे प्रयोग पुढे अनेकांनी केले, तेव्हा सरासरी लाभ लहानच आढळला. म्हणजे कला ही डॉक्टरांची जागा घेत नाही. ती उपचाराला हात देते. झोप उडाली, भीती आठवडेच्या आठवडे टिकली, तर घरच्यांना सांगून मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवे.

शिक्षकांना एक विनंती. आघात झालेल्या मुलाला "तोच प्रसंग काढ" असे सांगू नका. रंग आणि कागद द्या, विषय त्याला निवडू द्या. आणि त्या चित्राला गुण देऊ नका.