बेस डब्यावर नसतो, रबरात असतो

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास मोबाइलच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात दहा मिनिटं उभे राहा, इअरफोनबद्दल एक प्रश्न हमखास कानावर पडेल. "कितीचा ड्रायव्हर आहे?" विचारणारा मागावरचा कामगार असेल, मानकोलीच्या गोदामात पार्सलं लावणारा असेल, नाहीतर कॉलेजचा पोरगा. दुकानदाराचं उत्तर तयार असतं, "दहाचा नको, तेराचा घ्या. बेस बघा कसा धडकतो!" डब्यावरही '13 एमएम' ठसठशीत छापलेलं असतं, म्हणजे ड्रायव्हरचं, इअरफोनमधल्या आवाज काढणाऱ्या पडद्याचं माप. सातशे रुपये जातात आणि आठ दिवसांत तोच पोरगा परत येतो. "शेठ, याला बेसच नाही. डुप्लिकेट दिलात."

सगळेच डुप्लिकेट नसतात हो. पुष्कळदा माल ठीक असतो, समज चुकीचा असतो.

गेल्या महिन्यात माझा भाचा असाच तणतणत आला. इअरफोन कानात सैल लोंबत होता. मी डबा मागितला. तळाशी प्लास्टिकची छोटी पिशवी होती, न उघडलेली. तिच्यात सिलिकॉनच्या रबरांच्या दोन जोड्या, एक लहान, एक मोठी. कंपनी मधल्या मापाची बसवून देते आणि बहुतेक लोक तीच आयुष्यभर वापरतात. मी मोठं रबर चढवलं, पखवाजाची साथ असलेला भीमसेन जोशींचा एक अभंग लावला आणि इअरफोन त्याच्या कानात दिला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, तिचा तो भरदार घुमार आत्तापर्यंत कुठे गेला होता, असा चेहरा करून तो माझ्याकडे बघत राहिला. ड्रायव्हर तोच, गाणं तेच, फोन तोच.

असं का होतं? सायकलचा पंप घ्या. तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या ढकला, आत दाब तयार होतो. आता बोट जरा सैल करा. दट्ट्या झटकन ढकललात तर अजूनही थोडा दाब जाणवेल. सावकाश ढकललात तर सगळी हवा फटीतून निघून जाईल. इअरफोनचा पडदा म्हणजे हाच दट्ट्या. त्याच्या आणि कानाच्या पडद्याच्या मध्ये चहाच्या चमच्यातही मावेल एवढीच हवा असते. सनईच्या सुरातली तीव्र धार सेकंदाला हजारो वेळा कंप पावते, तिला फटीतून निसटायला वेळच मिळत नाही. डग्ग्याचा खर्ज सेकंदाला शंभराच्या आसपास, तो आरामात निसटतो. म्हणून रबर सैल असलं की आवाज बंद होत नाही, फक्त बेस जातो आणि उरलेला आवाज पत्र्यासारखा वाजतो. आणि आपण शिव्या देतो ड्रायव्हरला.

मग तेरा मिलिमीटर कशासाठी? गंमत इथेच आहे. रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे जे इअरबड असतात, त्यांच्यात फट कायमचीच असते. ती गळती भरून काढायला जास्त हवा ढकलावी लागते, म्हणून त्यांना मोठा पडदा देतात. म्हणजे मोठा आकडा हा पुष्कळदा पराक्रम नसतो, गळतीवरचा इलाज असतो. उलट उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या एटिमॉटिक कंपनीचा ईआर-4 बघा. 1991 पासून जाणकार त्याचं नाव घेतात. त्यात श्रवणयंत्रात असतो तसला, काही मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे. मात्र तो कानात खोल आणि घट्ट बसवावा लागतो. सगळी करामत त्या बसण्यात आहे.

तुमचा इअरफोन नीट बसलाय का, हे घरच्या घरी कळतं. दोन्ही कानांत घाला, गाणं बंद ठेवा आणि तोंड मिटून 'हंऽऽ' असा हुंकार द्या. स्वतःचा आवाज डोक्यात विहिरीसारखा घुमला तर बसला. मग गाणं लावून बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर रबर लहान आहे. आणि दोन्ही कानांना एकच माप लागतं असंही नाही. डाव्या कानाला मधलं, उजव्याला मोठं, यात लाजण्यासारखं काही नाही.

इथवर सांगितलं की पुढचा माणूस म्हणतो, "ते ठीक आहे, पण पैशाला पैसा. पाच हजाराचा तो पाच हजाराचा." टिकाऊपणा, माइक, दुरुस्तीची सोय यांबाबतीत असेलही. पण सुराबाबत? 2017 मध्ये जेरोन ब्रीबार्ट यांनी अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात 283 हेडफोनची मोजमापं मांडली. त्यांत कानात घालायचेही होते. कुठला सूर किती वर, किती खाली वाजतो याचा आलेख आणि दुकानातली किंमत यांच्यात त्यांना काहीच संबंध सापडला नाही. तेव्हा सातशेवाल्याने मान खाली घालायचं कारण नाही, आणि पाच हजारवाल्याने ताठ करायचंही.

आता भिवंडीत तरी अजिबात न परवडणारा गैरसमज. डब्यावर 'ईएनसी' लिहिलेलं असतं, दुकानदार म्हणतो, "नॉइज कॅन्सलेशन आहे, कारखान्यात माग ऐकूच येणार नाही." ईएनसी माइकवर चालतं. तुम्ही फोनवर बोलताना मागाची खडखड समोरच्याला कमी ऐकू यावी, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानापुरतं ते शून्य. कानाला आराम देणारं ते एएनसी. तेही पंख्याची किंवा बसच्या इंजिनाची एकसुरी घरघर कापतं, शटलची खटाखट त्याच्या हाती फारशी लागत नाही.

आणि मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. मागांच्या शेडमध्ये 90 डेसिबलच्या वर आवाज असणं नेहमीचं, पुष्कळदा तो 100 च्या आसपास जातो. त्यावर मात करून गाणं ऐकायचं तर गाणं त्याहून मोठं हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 मध्ये जाहीर केलेल्या मानकात मोठ्या माणसासाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा धरली आहे. दर 3 डेसिबलमागे वेळ निम्मा करत जायचा. हिशोब करा, 95 डेसिबलला आठवड्याचा सव्वा तास उरतो. इथे पाळी बारा तासांची. इअरफोन हे कानाचं संरक्षण नाही. शेडमध्ये गाणं नको, दहा-वीस रुपयांचा फोमचा इअरप्लग हवा.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो.

गैरसमज: '20 ते 20,000 हर्ट्झ' लिहिलंय, म्हणजे भारी.
वस्तुस्थिती: हा माणसाच्या कानाचा पल्ला आहे. जवळपास प्रत्येक डब्यावर असतो. त्या पल्ल्यात सूर किती वरखाली होतात, ते लिहिलेलं नसतं.

गैरसमज: नवा इअरफोन रात्रभर वाजवून 'मोकळा' करावा लागतो.
वस्तुस्थिती: मोकळा होतो तो कान. हळूहळू नव्या आवाजाची सवय होते.

गैरसमज: बीआयएसचा शिक्का आहे, म्हणजे आवाज चांगला.
वस्तुस्थिती: वायरलेस इअरफोनवरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक विद्युत सुरक्षिततेचा असतो, सुराचा नाही. पण तो नसेल तर घेऊ नका.

गैरसमज: आयपीएक्स4 आहे, धूळ-पाणी काही होत नाही.
वस्तुस्थिती: 4 म्हणजे उडणारे शिंतोडे. 'एक्स' धुळीच्या जागी आहे, म्हणजे धुळीबद्दल कंपनीने काहीच दावा केलेला नाही. कापसाचे तंतू जाळीत अडकले की एका बाजूचा आवाज बसतो. वॉरंटीसाठी भांडण्याआधी कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडून बघा.

गैरसमज: ब्लूटूथने मेंदू भाजतो.
वस्तुस्थिती: इअरबड सहसा काही मिलिवॉटवर चालतो. कानाला लावलेला फोन याच्या कितीतरी पट जास्त ताकदीने लहरी सोडू शकतो.

थोडक्यात, स्वस्त इअरफोन पारखायचा तर आकडे वाचू नका. डब्यात तीन मापांची रबरं आहेत का बघा, ओळखीचं गाणं लावा, हुंकार देऊन बघा. निम्म्या आवाजावर गाणं भरलेलं वाटलं तर घ्या. आणि आधीच घेतलेला परत करायला निघाला असाल, तर जरा थांबा. डब्याच्या तळाची ती पिशवी उघडा.