क्रॉसिंग

अकोल्यातल्या एका परसात, उन्हं कलल्यावर, मी पिवळ्या जास्वंदीपाशी उकिडवा बसलो होतो. मावशींनी उद्या उमलणारी कळी हेरली आणि अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांची गुंडाळी उतरवली. आत दांडी, तिच्यावर मिटलेले पुंकेसर. ते त्या खालून वर खरवडत गेल्या. नख जरा खोल गेलं की दांडीतला धागा तुटतो, मग कळी वाया. शेवटी टोकावरच्या पाच मखमली टिकल्या तेवढ्या उरल्या. वरून कागदाची नळी, परका पराग बसू नये म्हणून.

"कपाशीले असंच करत होतो आमी," मावशी म्हणाल्या. "नखं हिरवीगार होत."

जास्वंद, भेंडी, अंबाडी, कपाशी ही सगळी एकाच कुळातली. संकरित कपाशीचं बियाणं अशाच हातांनी तयार होतं. संध्याकाळी कळी सोलायची, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. मजुरीत बसलेलं ते वळण मावशींनी फुलांकडे वळवलं. जास्वंदीची फांदी लावली तर तेच झाड पुन्हा मिळतं. त्यांना मात्र न पाहिलेला रंग हवा असतो.

सकाळी, शिंजीर यायच्या आत, त्यांनी नळी काढली आणि लाल फूल तोडून त्याची परागदांडी पाचही टिकल्यांवरून हलकेच फिरवली. मग लाल दोरा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बोंड धरत नाही, म्हणून हा उद्योग दसऱ्यानंतरचा. तरीही बहुतेक दोरे चार दिवसांत कळीसकट खाली पडतात. धरलंच तर बोंड पिकायला दोनेक महिने, आणि पहिलं फूल बघायला वर्षाच्या वर वाट.

मी त्यांना मॉरिशसच्या रानजास्वंदीबद्दल सांगितलं. तिला तिकडे मँड्रिनेट म्हणतात. ल मॉर्न आणि कोर द गार्द या दोन डोंगरांवर तिची मोजकीच झुडपं उरलीत. बाहेरून आलेल्या झाडोऱ्यानं तिची जागा खाल्ली, आणि बागांतल्या आपल्या नेहमीच्या जास्वंदीशी तिचा संकर होतो, हा दुसरा धोका. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं मजूर म्हणून गेली तेच हे बेट.

मावशी दोरा बांधता बांधता थांबल्या.

"मंग तिच्या कळ्याईले नळी कोनी घालत नाही का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दोऱ्याची गाठ मारली आणि पुढच्या कळीकडे सरकल्या.