निळा मासा, नवी टाकी आणि दोन वॉरिंग्टन

नाशिकहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांनी हौसेने घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. काच, दिवे, मीठ, फिल्टर असा सगळा सरंजाम घेतल्यावर दुकानदाराने त्याच पिशवीत चार निळे डॅमसेल मासे बांधून दिले. ‘हे आधी सोडा, पाणी तयार करतील. महिन्याने या, मग चांगले मासे देतो.’ महिन्याने चारांतला एक उरला. त्या एकाने नंतर आणलेल्या क्लाउनफिशच्या जोडीची शेपटी कुरतडून टाकली. वाचकांचे प्रश्न दोन आहेत : मासा पाणी तयार कसे करतो, आणि आता या एकाचे करायचे काय?

मासा पाणी तयार करत नाही, घाण करतो. दुकानदाराला हवी असते ती ही घाणच. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत राहतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? तो साचतो. आणि इथे खाऱ्या पाण्याची एक अडचण आहे. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. विद्युतभार असलेला अमोनियम माशाला फारसा बाधत नाही. भार नसलेला अमोनिया मात्र कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून थेट रक्तात शिरतो. कोणते रूप किती, हे सामूवर ठरते. गोड्या पाण्याच्या टाकीत सामू ७ असेल, तर अमोनियाच्या शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो. समुद्राचा सामू ८.१-८.२ च्या घरात. तिथे हाच आकडा सहा-सातवर जातो. म्हणजे टेस्ट किटच्या नळीत रंग तोच दिसला, तरी खाऱ्या पाण्यातला मासा दसपट विषात पोहत असतो.

या अमोनियावर जगणारे सूक्ष्मजीव फिल्टरमध्ये, वाळूत, दगडांवर हळूहळू वस्ती करतात आणि अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करून टाकतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी. ही वस्ती होईपर्यंतचे चार-सहा आठवडे कोणीतरी अमोनिया पुरवावा लागतो, आणि त्या काळात सहसा मरत नाही म्हणून डॅमसेलची नेमणूक होते. हौशी लोक याला ‘टँक सायकल करणे’ म्हणतात.

हे आठवडे का लागतात, याची गोष्ट मला फार आवडते. १८७७ साली पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून शहराचे सांडपाणी संथपणे झिरपत ठेवले. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी की मातीत अमोनियाचे नायट्रेट होते ते निव्वळ रासायनिक क्रियेने, हवेतल्या प्राणवायूमुळे. तसे असते तर पहिल्या दिवसापासूनच नायट्रेट मिळायला हवे होते. मिळाले नाही. सुमारे वीस दिवस वरून अमोनिया गेला आणि खालून अमोनियाच बाहेर आला. मग नायट्रेट दिसू लागले, वाढत गेले, अमोनिया नाहीसा झाला. आता त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया ठप्प! क्लोरोफॉर्म काढून टाकला तरी ती सुरू होईना. शेवटी ताज्या मातीचे थोडे धुवण त्यात ओतल्यावर काही दिवसांनी पुन्हा नायट्रेट येऊ लागले. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध पडते, मरते, ते सजीवच असणार. आजच्या फिशटँकचा फिल्टर म्हणजे तीच नळी आहे, आणि ते वीस दिवस म्हणजे आपल्या वाचकांचा तो महिना.

यानंतर पाठ्यपुस्तके थेट सर्गेई विनोग्राडस्कीकडे उडी मारतात. १८९० साली झ्युरिकमध्ये त्याने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले, ते श्रेय त्याचेच. पण मध्ये एक माणूस गाळला जातो आणि मला तेवढ्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. रॉबर्ट वॉरिंग्टन. खरे तर दोन रॉबर्ट वॉरिंग्टन, बाप आणि मुलगा.

थोरला लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये रसायनतज्ज्ञ होता. १८४९ मध्ये त्याने एका काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि पाणगोगलगायी ठेवल्या. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते, सडकी पाने गोगलगायी खातात, म्हणून पाणी न बदलता सगळे सुखाने जगतात. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले आणि व्हिक्टोरियन लंडनला काचेच्या टाक्यांचे वेड लावणाऱ्यांत तो एक ठरला. (एक ठरला, एकटा नव्हे. सिसिलीत झान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनी १८३० च्या दशकातच काचेच्या टाक्यांत सागरी जीव पाळून त्यांचा अभ्यास केला होता. इंग्लंडमध्ये ॲना थिन यांनी १८४६ पासून घरात प्रवाळ जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. जगातल्या पहिल्या एअर पंपांपैकी एकाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.)

थोरल्या वॉरिंग्टनच्या हिशेबात अमोनियाची नोंद नव्हती. त्याच्या काचपात्रात अमोनिया निस्तरणारे कामगार होतेच, पण ते दिसत नव्हते. ते शोधायला निघाला त्याचा मुलगा. वडील गोल्डफिशचा प्रयोग मांडत होते तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि रसायनशास्त्र शिकला तेही वडिलांच्याच प्रयोगशाळेत. पुढे रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्याने पॅरिसचा प्रयोग पडताळला. हे काम अंधारात चांगले चालते, उजेडात मंदावते, हे त्याने दाखवले. मुख्य म्हणजे हे एका जिवाणूचे काम नाही, या निष्कर्षाशी तो पोचला : एक अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. फक्त ते जिवाणू वेगळे करणे त्याला जमेना. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे तो त्यांना जिलेटिनवर वाढवू पाहत होता आणि या जिवाणूंना तसले पौष्टिक खाणे चालतच नाही. त्या ताटावर भलतेच जंतू जेवून जात. विनोग्राडस्कीने ताटातले सगळे सेंद्रिय अन्न काढून टाकले, निव्वळ क्षार ठेवले, आणि बाजी मारली. हे जीव कर्ब घेतात तो कर्बवायूतून, आणि ऊर्जा मिळवतात ती अमोनिया ‘जाळून’. वॉरिंग्टन धाकला पुस्तकांच्या तळटिपांत राहिला. आज घरोघरी टेस्ट किटची जी कोष्टके चिकटवलेली असतात, आधी अमोनियाचा उंचवटा, मग नायट्राइटचा, तो आलेख मात्र त्याचाच आहे.

आणि फिशटँकने विज्ञानाला दिलेली देणगी तिथेच संपत नाही. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा एक संपूर्ण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, जिवाणू नव्हे तर आर्किया, पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वाढवला गेला. तो सापडला सिॲटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातल्या माशांच्या टाकीतल्या खडीत! नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असे त्याचे नाव. त्याचे भाऊबंद महासागरातल्या सर्वाधिक संख्येच्या जीवांत मोडतात, हे आता पक्के झाले आहे. २०१५ मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा जिवाणूही मिळाला. त्याचा माग काढणाऱ्या दोन गटांपैकी नेदरलँड्समधल्या गटाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये मिळाला.

बाजारात ‘झटपट सायकल’च्या बाटल्या मिळतात. त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावे. कितीतरी वर्षे अशा बाटल्यांवर नायट्रोबॅक्टरचे नाव झळकत असे. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा नायट्राइटचे काम तिथे नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करताना आढळले. सगळ्या बाटल्या फसव्या असतात असे नाही. पण हे जीव एकाचे दोन व्हायला दिवसभरही घेतात, उन्हात तापलेल्या टेंपोतून आलेल्या बाटलीत त्यांतले जिवंत किती हे लेबल सांगत नाही. त्यापेक्षा विरजण बरे : एखाद्या ओळखीच्याच्या निरोगी, जुन्या खाऱ्या टाकीतला फिल्टरचा स्पंज किंवा मूठभर खडी ओलीच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायची. दह्यासारखे सकाळी उठून तयार मिळणार नाही, पण निम्मा वेळ सहज वाचतो.

आणि अमोनियासाठी मासा कशाला? कल्हईवाल्याकडचा, हातभट्टीच्या बातम्यांनी बदनाम झालेला नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. अर्थात टाकीसाठी प्रयोगशाळेच्या दुकानातले शुद्ध घ्या, आणि तेही चिमटीचिमटीने, दर वेळी टेस्ट करून. नाहीतर सोललेल्या कोळंबीचा तुकडा जाळीत बांधून सोडा. चार दिवस घरात वास येतो, शेजारी विचारतात, पण कोणी तडफडत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंनाही मारते, म्हणून पाणी आरओचे घ्यावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही लागते. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालायची, मीठ उडून जात नसते. वीज तासन् तास गेली तर बंद फिल्टरमधली वस्ती प्राणवायूवाचून गुदमरते, तेव्हा इन्व्हर्टरवर टीव्हीआधी पंप लावा. नायट्राइटचा रंग पाहून मात्र घाबरू नका. गोड्या पाण्यात तो रक्त तपकिरी करतो, पण समुद्राच्या पाण्यातले मुबलक क्लोराइड त्याला कल्ल्यांच्या दारातच अडवते.

आता त्या उरलेल्या एकाबद्दल. डॅमसेल मरत नाही म्हणजे त्याला त्रास होत नाही, असे नव्हे. निळ्या डॅमसेलच्या कातडीत निळे रंगद्रव्यच नसते. ग्वानिनच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या थरांतून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. पापुद्र्यांमधले अंतर मासा मज्जातंतूंच्या ताब्यात ठेवतो, हे जपानी संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले. मासा घाबरला, आजारला की बघता बघता ती झळाळी काळवंडते. नव्या टाकीत कोपऱ्यात काळसर पडून भराभर कल्ले हलवणारा मासा ‘सेट होतोय’ असे कोणी सांगितले, तर ऐकू नका.

त्याचे भांडणही समजून घेण्यासारखे आहे. डॅमसेलच्या कुळात चारशेच्या आसपास जाती; आपला लाडका क्लाउनफिशही त्यांतलाच. पैकी काही जाती चक्क शेती करतात. ओकिनावाच्या प्रवाळांवर स्टेगॅस्टिस नायग्रिकन्स हा मासा आपल्या चौरसात एकाच प्रकारचे तांबडे शेवाळ राखतो, बाकीचे तोंडाने उपटून हद्दीबाहेर नेऊन टाकतो. पाणबुड्याच्या हाताला चावायलाही कमी करत नाहीत हे मासे. जो आधी आला त्याची जागा, हा डॅमसेलांचा सातबारा. तुमच्या टाकीत तो सर्वांत आधी आला, तेव्हा सगळी टाकी त्याच्या नावावर चढली. क्लाउनफिश त्याच्या दृष्टीने अतिक्रमण. डॉमिनो म्हणून विकला जाणारा, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॅसिलस तर याहून वरचढ. दुकानात तो दोन सेंटिमीटरचा असतो, नंतर तेरा-चौदा सेंटिमीटरचा होतो, ठिपके पुसट होतात आणि गुण उजळतात.

यावर उपाय आहे. एका संध्याकाळी त्याला जाळीने काढून वेगळ्या भांड्यात दोन आठवडे ठेवा, त्यातही हवा आणि जुन्या फिल्टरचा तुकडा असू द्या. तेवढ्यात टाकीतल्या दगडांची मांडणी पार बदला, क्लाउनफिशना रुळू द्या, आणि मग याला सर्वांत शेवटी सोडा. ओळखीची हद्द राहिली नाही की दावाही बराच सैल पडतो. डॅमसेल सर्वांत शेवटी, हा नियम नव्याने टाकी मांडणाऱ्यांनीही लिहून ठेवावा. दगड घेताना एक लक्षात असू द्या : आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी प्रवाळाचे तुकडे देऊ लागला तर हात लावू नका. निव्वळ पाहायचेच असेल, तर मालवणला स्नॉर्केलिंगला जा. पिवळसर पाठीवर पाच काळे पट्टे मिरवत झुंडीने अंगावर येणारे मासे डॅमसेलच आहेत, आणि ते तिथे फुकट दिसतात.

बाजारातले बहुतेक डॅमसेल आजही समुद्रातून पकडलेले असतात. त्यांची पिल्ले वाढवणे अवघड, कारण अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे तोंड इतके लहान की हॅचरीतले नेहमीचे खाद्य त्यात मावत नाही. कोपेपॉड या सूक्ष्म जलजीवांची पिल्लेच लागतात. तरीही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने निळ्या आणि पट्टेरी डॅमसेलची पैदास करून दाखवली आहे. तेव्हा पुढचा मासा घेताना किंमत विचारण्याआधी एवढे विचारा : हा समुद्रातून पकडलेला की हॅचरीतला? उत्तर मिळाले नाही, तर दुसरे दुकान बघा.