बुरशीचा रंग आणि आपला गैरसमज

वर्धा जिल्ह्यात जून महिन्यात पाऊस सुरू होतो. श्रावण येईपर्यंत आर्वी, देवळी, हिंगणघाट या भागांतील जुन्या घरांच्या भिंती ओलसर होतात. पेटीतील कपडे, चामड्याच्या चपला, कपाटातील पुस्तके यांवर पांढरा, हिरवा किंवा काळा थर दिसू लागतो. उर्दूत जिला फफूंदी म्हणतात, तीच ही बुरशी.

"हिरवी बुरशी साधी असते, काळी मात्र विषारी," असे तुम्ही कोणाकडून तरी ऐकले असेल. हे खरे आहे का? चला, पाहू या.

शेंगदाण्यावर कधी कधी पिवळसर हिरवी बुरशी येते. तिचे नाव अस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. दाणे भाजले तरी हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. दुसरीकडे, १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना निळसर हिरव्या बुरशीतूनच पेनिसिलिनचा शोध लागला. रंग जवळजवळ सारखाच. पण एक विष देते, तर दुसरी औषध! शिवाय पुष्कळ बुरशी आधी पांढऱ्या असतात. बीजाणू तयार झाल्यावर त्यांना रंग येतो. म्हणून केवळ रंगावरून बुरशी ओळखता येत नाही.

२०२१ साली कोरोनाच्या साथीत 'काळी बुरशी' हे नाव सर्वांच्या तोंडी होते. तो म्युकरमायकोसिस नावाचा रोग होता. त्याची बुरशी काळी नसते. तिच्यामुळे शरीराचा जो भाग मरतो, तो काळा पडतो. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे.

मग बुरशी ओळखायची कशी? तिचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की एका मिलिमीटरच्या लांबीत असे शेकडो बीजाणू ओळीने बसतील. ते सूक्ष्मदर्शकातूनच दिसतात. तरीही अस्परजिलस आणि पेनिसिलियम यांचे सुटे बीजाणू सारखेच, गोल दिसतात. म्हणून तज्ज्ञ प्रयोगशाळेत बुरशी वाढवतात आणि बीजाणू धरणारा दांडा पाहतात. अस्परजिलसच्या दांड्याचे टोक फुगीर असते, तर पेनिसिलियमचे ब्रशासारखे फाटलेले असते.

कधी कधी भिंतीवरचा पांढरा थर बुरशी नसतोच. तो लोणा, म्हणजे क्षार असतो. त्यावर पाण्याचे थेंब टाका. क्षार बहुधा विरघळतो. बुरशी विरघळत नाही.

बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ओल मिळाली की ते रुजतात. त्यामुळे घरात बुरशी दिसली, तर तिचे नाव शोधत बसू नका; ओल शोधा. एखादे कवेलू फुटले आहे का? नळ गळतो आहे का? ते आधी दुरुस्त करायला सांगा. नुसता रंग लावून बुरशी जात नाही. ती कोरड्या झाडूने झाडू नका, कारण बीजाणू हवेत उडून नाकात जातात. नाकातोंडावर कापड बांधा, खिडक्या उघडा आणि साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने भिंत पुसा. घरात कोणाला दमा असेल, तर त्याला या कामापासून दूर ठेवा. बुरशी आलेले दाणे निवडून खाऊ नका, फेकून द्या.

शत्रू काळा की हिरवा, हा प्रश्न नाही. त्याला पाणी कोण देतो, हे पाहा!