पूररेषा व नदीकांठच्या जमिनीचा भाव

काटेपूर्णेच्या कांठीं जमिनी असणाऱ्या बार्शीटाकळी तालुक्यांतील काश्तकारांनीं पूररेषेचा अर्थ नीट समजून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा, व १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. यावरून, एक मोठा पूर येऊन गेला कीं पुढें शंभर वर्षें निश्चिंती, अशी कित्येकांची समजूत होते. ती घातक आहे. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याचा संभव दरसाल शेंकडा ४ असतो. म्हणजे ३० वर्षांत एकदां तरी चढण्याचा शेंकडा ७१! लाल रेषेचा हाच हिशेब शेंकडा २६ येतो. महानच्या धरणामुळें खालीं भय उरलें नाहीं, असेंही ऐकूं येतें. पण भरल्या धरणांतून पाणी सोडावेंच लागतें.

पात्रांत गाळ सांचला, कांठावर भराव पडले, म्हणजे तेंच पाणी अधिक वर चढतें. म्हणून नकाशा फिरून करावा लागतो. २०२० च्या राज्य नियमावलीप्रमाणें निळ्या रेषेच्या आंत घरें बांधण्यास मनाई आहे. दोन रेषांमधील पट्ट्यांत बांधकाम लाल रेषेच्या पातळीहून सुमारें दीड फूट उंच घ्यावें लागतें. पीक घेण्यास मात्र आडकाठी नाहीं. तेव्हां रेषा सरकली कीं शेताचें उत्पन्न तेंच राहून प्लॉटाचा भाव तेवढा उतरतो. अशी जमीन अकृषिक भावानें घेणाऱ्यानें इसार देण्यापूर्वींच पाटबंधारे खात्याचा नकाशा पाहावा.