कळफलक, मोबाइल फोनचा
मोबाइल फोनवर मजकूर लिहिण्यासाठी योजिलेल्या कळांचा संच व त्यांवरील अक्षरांची मांडणी. टंकलेखन यंत्रावर दहाही बोटे चालविता येतात. फोनवर बहुधा एक बोट किंवा दोन अंगठे वापरतात. त्यामुळे एकास सोयीची मांडणी दुसऱ्यासही सोयीची ठरतेच, असे नाही.

आरंभीच्या फोनवर २ ते ९ या आठ कळांवर रोमन लिपीतील २६ अक्षरे विभागलेली असत व ‘सी’ उमटविण्यास २ ही कळ तीनदा दाबावी लागे. १९९०–२००० या दशकात टेजिक या अमेरिकन कंपनीने काढलेल्या ‘टी-९’ पद्धतीत प्रत्येक अक्षरासाठी कळ एकदाच दाबावयाची व शब्द यंत्रातील शब्दसंग्रहावरून ठरावयाचा, अशी योजना होती. तथापि ४६६३ या कळांनी ‘गुड’ व ‘होम’ हे दोन्ही इंग्रजी शब्द येत.

स्पर्शपटलामुळे मांडणी बदलणे सुकर झाले. लक्ष्य जितके दूर व लहान, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक, हा पॉल फिट्स यांचा नियम (१९५४) येथे आधारभूत मानतात. झाँ इशबिया यांच्या ‘फिटॅली’ मांडणीत वारंवार लागणारी अक्षरे मध्यभागी आणली होती. २०१३ मधील ‘कॅल्क’ मांडणीत अक्षरे दोन अंगठ्यांत अशी वाटली, की ते आळीपाळीने चालावेत. तरीही शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रापासून चालत आलेली ‘क्वर्टी’ मांडणीच टिकून आहे. नव्या सरावाचे कष्ट घेण्यास फारसे कोणी राजी नसते. २०१९ मध्ये सु. ३७,००० व्यक्तींच्या पाहणीत फोनवरील सरासरी वेग मिनिटास सु. ३६ शब्द आढळला. आपोआप होणाऱ्या दुरुस्तीने वेग वाढतो. सुचविलेले शब्द निवडत बसल्याने मात्र तो घटतो, असेही तीत दिसून आले.

देवनागरीचा प्रश्न निराळा आहे. ‘स्वातंत्र्य’ या शब्दात अक्षरे तीनच, पण व्यंजने, हलन्त, स्वरचिन्हे व अनुस्वार सुटे घेतल्यास कळा ११ वेळा दाबाव्या लागतात. भारत शासनाच्या ‘इन्स्क्रिप्ट’ (१९८६) मांडणीत स्वर डावीकडे व व्यंजने मुख्यतः उजवीकडे असून ती दोन्ही हातांच्या टंकलेखनास उत्तम आहे. परंतु तिला रोमन अक्षरांपेक्षा अधिक कळा लागत असल्याने फोनच्या अरुंद पटलावर प्रत्येक कळ बारीक होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवताच भोवती स्वरचिन्हांचे चक्र उघडते व बोट त्या दिशेस सरकविल्यास ‘का’, ‘कि’, ‘की’ इ. उमटतात. ज्याने टंकलेखन कधीच शिकलेले नाही, पण बाराखडी पाठ केलेली आहे, त्यास ही रचना शोधाशोध न करता वापरता येते.

रोमन अक्षरांत लिहून देवनागरीत रूपांतर करण्याची पद्धतीही बरीच रूढ आहे. तीत इंग्रजीचा सराव उपयोगी पडतो. मात्र लिहिणारा ‘त’ व ‘ट’, ‘न’ व ‘ण’, ‘ल’ व ‘ळ’ हे भेद सहसा रोमन अक्षरांत दाखवीत नाही व ते शब्दसंग्रहावर सोपवावे लागतात. आडनावे, गावांची नावे व बोलीतील शब्द त्या संग्रहात नसले, म्हणजे भलताच शब्द उमटतो आणि दुरुस्तीत वाचविलेला वेळ खर्ची पडतो.